तुर्काच्या दुकानातला चक्का

मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. न्यू जर्सीतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर खुद्द अध्यक्षांनी टाकला होता. "आजपासून रूट फॉर्टीसिक्सवरच्या त्या तुर्काच्या दुकानात मंडळाच्या एकाही सभासदाने पाऊल ठेवायचं नाही. देश आधी." खाली तिरंगे, मुठी, टाळ्या आणि कोणा काकूंचा सवयीने टाकलेला सुप्रभातचा गुलाब. माझं डोकं असं काही सणकलं की म्यूट करायला विसरून मी मोठ्याने म्हणाले, "अक्कल विकून खाल्ली का रे सगळ्यांनी?" कॉलवरच्या गोऱ्यांनी माना वर केल्या. मॅनेजरने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. ठीक कसलं कपाळ!

देश आधी म्हणे. ज्याने मागच्याच वर्षी अमेरिकन सिटिझन झाल्याबद्दल अख्ख्या पार्सिपनीला पार्टी दिली, तो मला सांगणार देश आधी!

ते मे महिन्याचे दिवस होते. भारत-पाकिस्तानची चकमक नुकतीच थांबली होती. तुर्कस्तानने उघड उघड पाकिस्तानची बाजू घेतली होती, आणि पाकिस्तानने सोडलेली ड्रोन तुर्की बनावटीची होती अशा बातम्या येत होत्या. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं मागवणं बंद केलं, लोकांनी इस्तंबूलच्या ट्रिपा कॅन्सल केल्या. राग काय मला नव्हता? माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा फौजेत आहे, तेव्हा जम्मूकडे होता. बहीण नागपूरला देवापुढे बसलेली आणि मी इथे फोन हातात धरून. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. अध्यक्षांच्या घरातलं कोणी फौजेत नाही, चुलतसुद्धा नाही. पण सगळ्यात मोठी मूठ त्यांची.

आणि त्या दिवसांत, मंडळातल्या एकानेही तोंडदेखलं विचारलं नाही तेव्हा, रोज मला "भाच्याचा फोन आला का?" असं विचारणारं एकच माणूस होतं. ते म्हणजे त्याच 'तुर्काच्या' दुकानातली बाई.

ती तुर्क नाही. कुर्द आहे. आता हे लिहिताना सोपं वाटतं, पण याच एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

दुकान तसं लहानसं. ड्रायक्लीनर आणि नेल सलूनच्या मध्ये दाबून बसवलेलं. पाटीवर 'टर्किश', कारण अमेरिकन माणसाला कुर्द म्हटलं की काही कळत नाही, टर्किश म्हटलं की चहा आणि मिठाई आठवते. आत एकाच फळीवर ग्रीसचं चीज, आर्मेनियन ब्रेड, सीरियातल्या अलेप्पोचा साबण, इराकी खजूर. बाहेर या सगळ्यांची सरकारं एकमेकांच्या उरावर बसलेली. तुर्कस्तानचं तर यातल्या प्रत्येकाशी काही ना काही वाजलेलं आहे. फळीवर मात्र सगळे गुण्यागोविंदाने.

तिची-माझी ओळख चक्क्यामुळे झाली. मंडळाच्या स्वयंपाकघराचं काम माझ्याकडे. गणपतीच्या जेवणाला श्रीखंड-पुरी ठरलेली, आणि इथल्या दह्याचा चक्का काही केल्या मनासारखा होईना. पाणी सुटायचं, नाहीतर चव चुन्यासारखी. मी तिच्या दुकानात घट्ट दही शोधत होते. तिने डबा दाखवला, मी नाक मुरडलं. मग हातवारे करून सांगितलं की असं नाही, फडक्यात बांधून, टांगून ठेवलेलं. ती खो खो हसली. मला आत नेलं. मागच्या खोलीत नळाला पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी लटकत होती, खाली भांडं, थेंब थेंब पाणी. मी बोट लावून चाटलं आणि म्हटलं, झालं, यापुढे चक्का इथूनच. तिची आई गावाकडे असंच बांधते म्हणाली, अंगणातल्या तुतीच्या फांदीला.

तेव्हापासून पाडवा असो, गणपती असो, मंडळाचं श्रीखंड तिच्या चक्क्याचं. दुकानात मंडळातल्या मुली मला ताई म्हणायच्या, ते ऐकून तीही मला ताई म्हणायला लागली. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिलाच उलट ताई म्हणायचे. दोघीही ताई. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, चहाच्या छोट्या ग्लासवर.

चहावरच तिने तुकड्यातुकड्यांनी सगळं सांगितलं. तुर्कस्तानच्या आग्नेय कोपऱ्यातलं कुर्दांचं गाव. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की हातावर पट्टी. तिच्या बहिणीचा मुलगा सीमा ओलांडून सीरियात गेला, इसिसच्या काळ्या झेंडेवाल्यांशी लढायला. वरून अमेरिकन विमानं, खाली ही कुर्दांची पोरं. तो तिथेच मारला गेला. पुढे काही वर्षांनी तुर्कस्तानचं सैन्य त्याच भागात शिरायला निघालं, आणि अमेरिकेने आपली माणसं बाजूला घेतली. निघालेल्या अमेरिकन गाड्यांवर तिथल्या लोकांनी बटाटे फेकले. ते तिने इथे, काउंटरमागच्या टीव्हीवर बघितलं. "दगड होते की ताई तिथे," ती म्हणाली, "पण त्यांनी बटाटेच फेकले. इतके दिवस मित्र होते ना." तुर्कस्तान पाश्चात्त्यांना लष्करी दोस्त म्हणून हवा, आणि कुर्द फक्त लढायला हवेत. गरज सरली की चालते व्हा. हे ऐकून मी अमेरिकेला अस्सल नागपुरी शिव्या घातल्या. तिला अर्थ कळला नाही, पण बरं वाटलं असावं.

भाच्याच्या त्या प्रकरणानंतर तिच्या गावच्या घरावर पोलिसांची नजर होती, म्हणून ती कित्येक वर्षं आईला भेटलीच नव्हती. इथे बसून फेसबुकवर काही लिहिलेल्या माणसाला तिथल्या विमानतळावर उतरवून घेतात, हे तिच्या ओळखीत घडलेलं. म्हणून ती कधी मोर्चाला गेली नाही, कुठे काही लिहिलं नाही, दुकानात नवरोजचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा, दिवासुद्धा मागच्या खोलीत लावायची. आणि याच वर्षी वारं जरा बदललं. कुर्दांच्या सशस्त्र गटाने शस्त्रं खाली ठेवायचं जाहीर केलं, सरकारशी बोलणी सुरू झाली, आणि तिच्या भावाने फोनवर सांगितलं, ये आता, आई थकलीय, डोळ्यांनी दिसतंय तोवर ये. तिने ऑक्टोबरचं तिकीट काढलं. मला ते दोनदा उघडून दाखवलं. आईसाठी लोकरीचे मोजे, गुडघ्याचं मलम, साखरेशिवायची बिस्किटं, सगळं एका खोक्यात भरत होती.

अशा बाईवर आमच्या शूरांनी बहिष्कार टाकला.

आठवड्याभरात दुकान ओस. शेजारच्या पॅटरसन शहरातलं तुर्क गिऱ्हाईक तर आधीच कमी झालेलं, ही कुर्द आहे हे कळल्यापासून. म्हणजे बघा, तुर्क म्हणणार ही कुर्द, आणि आमचे म्हणणार ही तुर्क. बाईने जायचं कुठे? इकडे मंडळाच्या समर पिकनिकला बाजारातल्या डब्याच्या दह्याचं आम्रखंड केलं. ताटात नुसतं ओघळत होतं. लोकांनी ते पुरीला लावायच्या ऐवजी प्यायलं. तरी कोणाची जीभ हलली नाही, देशासाठी प्यायले बिचारे.

मी ताईला विचारलं, "मी यांना सांगू का तू कुर्द आहेस म्हणून? एका मिनिटात गप्प होतील." ती एवढी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. माझा हात घट्ट धरला. "नाही ताई. तुम्हा लोकांच्या हातात सारखा फोन असतो. कोणीतरी काहीतरी टाकणार. ऑक्टोबरपर्यंत मला कोणाच्या नजरेत यायचं नाही. दुकान चाललं नाही तरी चालेल, मला आईकडे जाऊन येऊ दे." मी तिला शब्द दिला. घरी येऊन नवऱ्यालाही दटावून सांगितलं की मेलास तरी बोलायचं नाही. त्याला ती कुर्द आहे हे आधीपासून माहीत होतं, तिथला चहा तोही प्यायचा.

जुलैत गणपतीची मीटिंग झाली, अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये. श्रीखंडाचा विषय निघताच मी उभी राहिले. म्हटलं, त्या बाईने तुमचं काय घोडं मारलंय? तिने ड्रोन विकली? तिचं दुकान न्यू जर्सीत, टॅक्स न्यू जर्सीत, दूधसुद्धा न्यू जर्सीच्या गाईचं. बहिष्कार टाकायचाय तर हातातले फोन टाका, ते कुठे बनतात ते बघा आधी! अध्यक्ष गोड हसले. "वहिनी, तुम्ही फार इमोशनल होता यार. हे जिओपॉलिटिक्स आहे." जिओपॉलिटिक्स! ज्या माणसाला मॉरिस काउंटीच्या बाहेर जीपीएसशिवाय ड्राइव्ह करता येत नाही, तो मला जिओपॉलिटिक्स शिकवतोय. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळे माझ्यावर तुटून पडले. माझ्या हातात हुकमाचं पान होतं आणि मी ते टाकू शकत नव्हते.

आणि माझा नवरा, सदाशिव पेठेत वाढलेला, चुकीचं विधान दुरुस्त केल्याशिवाय ज्याला घास गिळत नाही, तो समोशाचा घास गिळून म्हणाला, "फॅक्ट म्हणून सांगतो, ती तुर्क नाहीच. ती कुर्द आहे. कुर्दांचं आणि तुर्कस्तान सरकारचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. तिचा भाचा तर तिकडे सीरियात लढताना गेला." वर माझ्याकडे अभिमानाने बघितलं, बायकोची बाजू घेतली म्हणून!

 मग जे सुरू झालं ते बहिष्कारापेक्षा वाईट. "अरे, मग आधी का नाही सांगितलं? म्हणजे ती आपल्याच बाजूची!" "एनिमीज एनिमी, यार!" "वाघीण आहे की बाई!" जे मगाशी तिच्या दाराला कुलूप घालायला निघाले होते, तेच आता तिला डोक्यावर घ्यायला निघाले. तिचा सत्कार करू, रील करू, सगळ्या मंडळांना पाठवू. मी घसा फोडून ओरडले की तिची आई तिकडे आहे, तिला त्रास होईल, तिने स्वतः नको म्हटलंय. अध्यक्षांनी हात जोडले. "हो वहिनी. तुम्हाला विचारल्याशिवाय काही नाही करणार."  घरी येताना गाडीत नवरा तीनदा म्हणाला, "पण मी खोटं काय बोललो?" खोटं नाही रे बाबा, खरंच बोललास. तोंड बंद ठेव एवढंच सांगितलं होतं तुला.

पुढच्या रविवारी सकाळी ग्रुपवर फोटो यायला लागले. ताईचं दुकान. आत आमची माणसं, भगवे फेटे बांधलेली. दाराशी ढोल. मी होते तशी, पायात घरातल्या चपला, गाडी काढली.

पोचले तेव्हा मंडळी पांगत होती. ताई काउंटरमागे उभी. खांद्यावर जरीची शाल, हातात नारळ, कपाळावर कुंकू. चेहरा नुसता फुललेला. "ताई, बघ, सगळे परत आले!" ती म्हणाली. "एवढं प्रेम! राग गेला त्यांचा, दह्याची आठवण आली. त्यांनी माझ्या दह्यासाठी हे आणलं. हा नारळ कशासाठी असतो?"

तिला वाटलं सत्कार दह्याचा होता. आमच्याकडे निवृत्त झालेल्या मास्तरापासून पोहण्यात तिसऱ्या आलेल्या पोरापर्यंत कोणालाही शाल-श्रीफळ देतात, तसं दह्यासाठीही देत असतील. तिने मान वाकवली होती, हसून सगळ्यांना थँक यू म्हटलं होतं. अध्यक्षांनी मराठीत काय भाषण ठोकलं, त्यातला एक शब्द तिला कळला नव्हता. ते मला सांगावं लागलं. माझ्या लेकीने मला रील पाठवली होती, खाली लिहिलेलं, "आई, धिस इज सो बॅड." मी ती ताईला दाखवली आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. तुर्की जुलमाला नडणारी कुर्द वाघीण. तिच्या भाच्याने तुर्कस्तानविरुद्ध लढताना प्राण दिले. हेसुद्धा खोटं, तो काळ्या झेंडेवाल्यांशी लढताना गेला, पण रीलला ते चालत नाही. आम्ही तिच्या पाठीशी आहोत. मागे ढोल. आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावून हसणारी ताई. वर इंग्रजीत दुकानाचं नाव, पत्ता, सगळं.

 तिने शाल काढली, घडी केली, माझ्या हातात दिली. मग दुकानाचा दिवा बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर बसली, त्या टांगलेल्या फडक्याखाली.

मी दारातूनच अध्यक्षांना फोन केला. "आत्ताच्या आत्ता काढून टाका ती रील." "वहिनी, अहो किती शेअर झालीय माहितीय? डॅलसवाल्यांनीसुद्धा टाकली!" मी त्यांना त्यांच्या आई-वडिलांसकट सगळं काही ऐकवलं. संध्याकाळी त्यांनी रील काढून टाकली, पण तोवर ती दुसऱ्यांनी इतक्या ठिकाणी चिकटवली होती की काढणं न काढणं सारखंच. "पण आम्ही तर तिला सपोर्ट करत होतो," हे त्यांचं पालुपद आजतागायत चालू आहे. सपोर्ट! त्या अमेरिकन गाड्यांत बसलेले लोकही हेच म्हणत असतील. माणसाला विचारायचं नाही, तिच्या खांद्यावर आपला झेंडा रोवायचा, आणि वर तिने आभार मानायचे. तिरस्कार परवडला, त्यात निदान तिचा फोटो तरी कोणी काढत नव्हतं.

तीन-चार दिवसांनी तिच्या भावाचा फोन आला. पोलिसांची साध्या कपड्यातली दोन माणसं घरी येऊन बसून गेली होती, अगदी नम्रपणे. चहासुद्धा घेतला. बहीण अमेरिकेत कशी आहे, कधी येणार आहे, एवढंच विचारलं. भाऊ म्हणाला, येऊ नकोस. आईला त्याने काही सांगितलेलं नव्हतं. ताईने तिकीट कॅन्सल केलं. मोज्यांचं खोकं फळीच्या वर सरकवलं.

आणि दुकान? दुकान असं चाललं की विचारू नका. लांब एडिसनहून आपले लोक यायला लागले. वाघिणीबरोबर सेल्फी काढायचे, ऑलिव्ह न्यायचे, एरवी कधी खाल्ली नसतील ती. गणपतीच्या आदल्या दिवशी मी चक्का आणायला गेले तर दारापर्यंत रांग, आणि त्या रांगेत माझ्या मागे, दोन माणसं सोडून, अध्यक्ष. मला बघून हसले, जणू काही झालंच नाही. माझ्या हातांना इतकी खाज सुटली होती की मी पर्स छातीशी धरून उभी राहिले.

ताईने पातेलं माझ्यापुढे ठेवलं. चक्का नेहमीसारखाच, पांढराशुभ्र, घट्ट. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर तिची आई. पांढरा रुमाल बांधलेली, सुरकुतलेली, फोन अगदी नाकाशी धरलेला. दोघी त्यांच्या भाषेत बोलल्या. ताईने फोन वळवून तिला दुकान दाखवलं, रांग दाखवली, आम्हा सगळ्यांना दाखवलं. म्हातारीने दोन्ही हात वर केले आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, कधी येणार," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी म्हटलं, आई, गिऱ्हाईकच इतकं आहे, सोडून निघता येत नाही. बघ तूच. ती म्हणते, मग राहू दे. एवढी चांगली माणसं मिळालीत, त्यांना सोडून नको येऊस. देव त्यांचं भलं करो."

मला तिथेच किंचाळावंसं वाटलं. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि फोनसमोर हलायला लागला. अध्यक्षांचा. "हॅलो आंटी! हॅपी गणेश चतुर्थी!"

म्हातारी हसली. तिनेही हात हलवला. ताईने फोन बंद करून ॲप्रनच्या खिशात टाकला आणि त्यांना विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"